एक लिटरचे दिवस : ट्रक ड्रायव्हर घरी कधी येतो?

मागचे दोन भाग किल्ल्यांवर झाले, आज जरा रस्त्यावर येऊ. माइकसमोर जसं बोललो तसंच इथं उतरवलंय, फक्त माझे 'म्हणजे ना' थोडे कमी केलेत.

गेल्या दिवाळीत घरी गेलो होतो. घर म्हणजे पिंपळगाव बसवंत, निफाड तालुका, मुंबई-आग्रा रोडला लागून. आईनं माळा आवरायला लावला. तिथं एका पत्र्याच्या ट्रंकेत जुनी कालनिर्णय निघाली, १९९९ पासूनची, सुतळीनं बांधलेली. आई म्हणाली, "टाकून दे रे ते." पण मी उघडून बसलो. प्रत्येक तारखेच्या चौकटीत दुधाचा हिशोब. रतीब रोज अर्ध्या लिटरचा. आई, ताई आणि मी, तिघांना तेवढं पुरायचं. पण मधेच चार-पाच दिवस सलग एक, एक, एक, एक. मग परत अर्धा.

मला कळायला दोन मिनिटं लागली. एक लिटर म्हणजे नाना घरी होते.

नाना म्हणजे माझे वडील. ३१ वर्षं ट्रकवर ड्रायव्हर. मालक दुसरा, गाडी त्याची, चालवायची नानांनी. पिंपळगाव, लासलगावचा कांदा भरायचा आणि कोलकात्याला न्यायचा. धुळे, जळगाव, नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर. एका बाजूचं अंतर १,८०० किलोमीटरच्या वरच. कधी दिल्लीची गाडी असायची. घरी आले की दिवसातून सहा-सात वेळा चहा, म्हणून दूध दुप्पट.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. कॅलेंडरं बॅगेत घालून पुण्याला आणली आणि दोन रविवार बसून सगळा हिशोब एक्सेलमध्ये भरला. गाडी निघाली त्या तारखेला आई बारीक अक्षरात 'कल' किंवा 'दि' लिहायची, त्यामुळे खेपाही मोजता आल्या. पाहुणे आले की दूध वाढायचं, ते दिवस आईला विचारून वजा केले. (तिला सगळं आठवतं. कुठल्या साली कोणती आत्या किती दिवस राहिली, सगळं.) दोन वर्षांची कॅलेंडरं नाहीत. त्यातलं एक माझ्या चौथीच्या पुस्तकांना कव्हर घालण्यात गेलं.

तर २००१ साली नानांच्या ११ खेपा झाल्या आणि ते ५८ दिवस घरी होते. २०१८ साली खेपा झाल्या १७, आणि घरी होते ६० दिवस.

हे एका घराच्या दुधाचं गणित आहे, शास्त्र नाही, हे मान्य. पण बघा, मधल्या काळात रस्ते चौपदरी झाले, जकात नाके गेले, गाड्यांची इंजिनं ताकदवान झाली. पूर्वी एक खेप साधारण २८ दिवसांची होती, ती १८ दिवसांवर आली. म्हणजे प्रत्येक फेरीत दहा दिवस वाचले. मग वर्षाला घरी फक्त दोनच दिवस जास्त कसे? बाकीचे कुठं गेले? आजचा भाग या एकाच प्रश्नाचा आहे. आणि उत्तरासाठी आपल्याला ट्रकच्याही बऱ्याच मागं जावं लागेल.

रस्त्यावर माल वाहायचा आणि घरही सांभाळायचं, हा पेच आपल्याकडे ट्रक यायच्या शेकडो वर्षं आधीपासून आहे. त्यावरचा सगळ्यात जुना तोडगा बंजाऱ्यांचा. बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ लादून हजारो बैलांचे तांडे देशभर फिरायचे. पीटर मंडी नावाचा इंग्रज प्रवासी १६३० च्या दशकात इकडे होता, त्यानं एकाच तांड्यात १४,००० बैल असल्याचं लिहून ठेवलंय. मुघलांच्या फौजा दख्खनमध्ये उतरल्या तेव्हा त्यांचं धान्य बंजाऱ्यांनी पोचवलं, आणि पुढे कंपनी सरकारच्या फौजांचंही. आणि हे सगळं बायका-पोरांसकट. चूल तांड्यात, बाळंतपण तांड्यात, लग्न तांड्यात. पावसाळ्यात वाटा बंद झाल्या की एका जागी मुक्काम. घरी परत जाण्याचा प्रश्नच नाही, कारण घर सोबतच चालतंय.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, पक्के रस्ते झाले आणि हा धंदा बसला. वर इंग्रजांनी १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि फिरणाऱ्या माणसाकडे चोर म्हणून बघायची सरकारी सवय लागली. बंजाऱ्यांवर खरं तर एक वेगळा भाग करायला हवा, इथं थोडक्यात सोडतो.

दुसरा तोडगा डाकेचा. शेरशहा, मग मुघल, मग कंपनी, सगळ्यांनी कमी-जास्त फरकानं हाच वापरला. रस्त्यावर ठरावीक अंतरावर चौकी. हरकारा थैली घेऊन पळत सुटायचा, काठीला घुंगरं बांधलेली, पुढच्या चौकीवर थैली दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि तिकडून येणारी थैली घेऊन मागं फिरायचा. पत्र शेकडो मैल जायचं. हरकारा मात्र आपल्याच टप्प्यात. नोकरी काही सुखाची नव्हती, जंगल, वाघ, दरोडेखोर सगळं होतं. पण वाचला तर तो आपल्या गावाच्या आसपासच असायचा.

मला या व्यवस्थेचं फार कौतुक वाटतं, कारण तिनं दोन गोष्टी वेगळ्या केल्या. माल लांब जाऊ शकतो आणि माणूस जवळ राहू शकतो. दोघांचा प्रवास एकच असायला पाहिजे असं नाही.

आणि हीच कल्पना रेल्वेनं उचलली. माझा मोठा मामा भुसावळला मालगाडीवर ड्रायव्हर होता. आता लोको पायलट म्हणतात, पण मामा स्वतःला ड्रायव्हरच म्हणायचा. भुसावळहून गाडी घेऊन इगतपुरीला जायचं, तिथं गाडी दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची, रनिंग रूममध्ये झोपायचं आणि दुसरी गाडी घेऊन भुसावळला यायचं. गाडी मुंबईला गेली काय आणि आणखी कुठं गेली काय, मामाला घेणं-देणं नाही. रेल्वेत 'हेडक्वार्टर' नावाची गोष्ट असते. म्हणजे तुझं मूळ ठाणं, जिथं तुझं घर आहे. आठ तासांच्या वर ड्युटी करून आलास की हेडक्वार्टरला १६ तास विश्रांती, असा नियम.

मामाचं आयुष्य फार गोड होतं असं नाही. रात्री दोन वाजता कॉल बॉय सायकलवर येऊन दार वाजवायचा, मामी चडफडत डबा भरायची. सण हुकायचे. पण मामाच्या घरी कोणी दुधाच्या हिशोबावरून 'मामा घरी कधी होता' हे शोधायला बसणार नाही. आणि हे नियमही कोणी हौसेनं दिलेले नाहीत. ऑगस्ट १९७३ मध्ये इंजिन ड्रायव्हरांनी संप केला तेव्हा दहा तासांच्या ड्युटीचं आश्वासन सरकारकडून मिळालं. पुढच्या वर्षी मे महिन्यात जॉर्ज फर्नांडिसांच्या नेतृत्वाखाली अख्खी रेल्वे वीस दिवस संपावर गेली, हजारोंना अटक झाली, संप मोडला. म्हणजे घरी जाण्याचा तास रेल्वेतही भांडूनच मिळालाय, आणि लोको पायलट आजही भांडतायत.

मग ट्रकवाल्याला हेडक्वार्टर का नाही?

इथं एक गंमत आहे. एके काळी ट्रकवाला रोज नाही तरी आठवड्यात दोन-तीनदा घरी यायचा, आणि त्याचं श्रेय जातं रेल्वेच्या भीतीला! १९३० च्या दशकात मोटारी-लॉऱ्या रेल्वेचा माल पळवायला लागल्या. सरकारचा पैसा रेल्वेत अडकलेला. चौकशी समित्या बसल्या, आणि १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. त्यात परमिटची पद्धत होती. ट्रकला अमुक एका भागाचंच परमिट. लांबचा माल रेल्वेनं न्यावा, जवळचा लॉरीनं, असा एकूण हिशोब.

नानांचे वस्ताद, ज्यांच्या हाताखाली ते क्लीनर म्हणून लागले (आमच्याकडे सगळे 'किन्नर' म्हणतात), ते साठच्या दशकात ट्रक चालवायचे. ते नानांना सांगायचे, आम्ही नाशिक-मुंबई करायचो, कसारा घाट उतरायचा, माल टाकायचा, घाट चढून परत. परमिटच नव्हतं तर पुढं जाणार कुठं? त्यांना ते बंधन वाटायचं, आणि होतंच. बायको-पोरांना मात्र ते लाभलं.

मग राज्याराज्यांनी आपसांत करार केले, झोनल परमिट आलं, आणि १९७५ मध्ये नॅशनल परमिट. सुरुवातीला मोजकीच होती, पुढे हात सैल होत गेला. २०१० च्या मे महिन्यात तर वर्षाला १५,००० रुपये भरा आणि देशभर फिरा, असं झालं. व्यापाराच्या दृष्टीनं फारच चांगली गोष्ट. पिंपळगावचा कांदा एकाच गाडीत थेट कोलकात्याला, मधे उतरवाउतरव नाही, नासाडी कमी. त्यावर आमचा अख्खा तालुका पोसला गेलाय, मी नावं ठेवणार नाही. पण डाकेच्या नेमकं उलटं झालं. माल जिथवर, तिथवर माणूस. दोघांना एकाच दोरीनं बांधलं.

आता तुम्ही म्हणाल, कायदा काहीच नव्हता का? होता की! चांगला होता. १९३९ च्याच कायद्यात लिहिलेलं, सलग पाच तास चालवलं की अर्धा तास विश्रांती, दिवसाला नऊ तास, आठवड्याला ५४. मग १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८, लांब पल्ल्याला परवानगी घेऊन दहा आणि ५४. आठवड्याची सुट्टी. वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा. मी हे नानांना वाचून दाखवलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "हे कुठल्या देशाचं आहे?"

अडचण अशी की तो कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला लागू होता. आपल्याकडे एक, दोन, तीन गाड्यांचे मालक ढिगानं. नानांच्या मालकाकडे दोन गाड्या. दुसरी अडचण, घड्याळ कोण बघणार? आठ तास झाले की ड्रायव्हरनं संबलपूरच्या अलीकडे जंगलात गाडी लावून काय करायचं? तिथं विश्रांतीचे तास मिळतील, घर थोडंच मिळणार आहे. कायद्यानं तास मोजले. अंतर मोजलं नाही.

तुलना करून बघा. त्याच गाडीतला माल उतरवणाऱ्या हमालांसाठी महाराष्ट्रानं १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. बोर्ड आलं, नोंदणी आली, मजुरी बोर्डामार्फत. अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांना एकत्र आणलं होतं. ते जमलं त्याचं एक कारण मला असं वाटतं की हमाल रोज संध्याकाळी एकाच बाजारात भेटतात. ड्रायव्हर भेटतात कुठं? ढाब्यावर, अर्धा तास, आणि उद्या दोघांमध्ये सातशे किलोमीटर. म्हणूनच आजवरचे बहुतेक 'चक्का जाम' मालकांचे होते, डिझेल, टोल, परमिट यावर. जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हर स्वतःहून थांबले, आठवत असेल, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. पण तेही नव्या फौजदारी कायद्यातल्या हिट अँड रनच्या कलमावरून, दहा वर्षांच्या कैदेच्या धास्तीनं. घरी जाण्यावरून ट्रक ड्रायव्हरांचा असा मोठा संप झाल्याचं माझ्या वाचनात नाही.

एक नियम मात्र खरोखर कामाचा होता. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर पाहिजेत आणि मागं दुसऱ्याला आडवं होता येईल अशी सीट पाहिजे. १९८९ च्या केंद्रीय नियमांत हे होतं. कागदावर नानांच्या गाडीवरही दोन ड्रायव्हर होते. दुसरा म्हणजे लायसन काढलेला किन्नर. पण निदान कोणीतरी होतं, बोलायला, टायर बदलायला, ताडपत्री ओढायला, पहाटे तीनला "नाना, डोळा लागतोय तुमचा" म्हणायला. पुढे पुढे मालकानं किन्नर कमी केला. नोव्हेंबर २०१८ मध्ये दोन ड्रायव्हरांची अटच नियमातून काढली गेली.

आता वाचलेल्या दिवसांकडे येऊ.

जुन्या २८ दिवसांत गाडी चालायची किती? नाना सांगतात, जायला पाच-सहा दिवस. बाकी सगळं थांबणं. राज्याच्या हद्दीवर चेकपोस्ट. शहराच्या तोंडावर नाका. कोलकात्यात पोस्ता बाजारात गाडी आत घ्यायची ती रात्रीच, दिवसा नो एंट्री, मग उतरवायला नंबर. आणि सगळ्यात मोठं थांबणं परतीच्या भाड्याचं. नाशिकचं भाडं मिळायचं नाही. मिळायचं ते गुजरातचं, किंवा दिल्लीचं. रिकामी गाडी आणणं मालकाला परवडत नाही. म्हणून त्रिकोण, चौकोन करत नाना घराकडे सरकायचे. कित्येकदा मुंबईहून येताना गाडी आमच्या घरापासून दोनशे मीटरवरून आग्रा रोडनं सरळ पुढे जायची, कारण माल धुळ्याचा, आणि पोचायची वेळ ठरलेली. आई रस्त्याला डबा घेऊन उभी राहायची. मी पण गेलोय दोन-तीनदा. केबिनमधून एक हात खाली यायचा, डबा वर जायचा, कधी एक पेढ्याचा पुडा खाली यायचा. त्या दिवशीचं दूध अर्धा लिटरच.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. मुंबईचे जकात नाके आदल्या मध्यरात्री बंद झाले, राज्यांच्या हद्दीवरचे करवसुलीचे चेकपोस्ट पुढच्या काही दिवसांत उठले. नाना त्या वेळी नागपूरच्या पुढे होते, फोनवर म्हणाले, "अरे, नाक्यावर कोणीच नाही, गाड्या सुसाट चालल्यात." इतके खूश मी त्यांना क्वचित ऐकलंय. मलाही वाटलं, आता नाना लवकर येणार.

आलेच की. लवकर आले आणि लवकर गेले.

कॅलेंडरात ते स्पष्ट दिसतं. २००१ मध्ये एकेर सलग पाच-साडेपाच दिवस आहेत. २०१८ मध्ये साडेतीन. वर्षाची बेरीज तीच, पण तुकडे बारीक. हे ऐकायला किरकोळ वाटेल, पण आमच्या घरात त्या दिवसांना एक क्रम होता. पहिला दिवस नाना झोपायचे. आम्ही पाय न वाजवता चालायचो. दुसरा दिवस गाडीचा, म्हणजे मिस्त्री, ग्रीसिंग, पाटा तुटला असेल तर तो, मालकाशी हिशोब. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते माणसात यायचे. चौथा आणि पाचवा दिवस आमचा. चौथ्या दिवशी त्यांनी मला सायकल शिकवली. चौथ्या दिवशी ते शाळेत आले होते. ताईच्या लग्नाचं पहिलं बोलणं पाचव्या दिवशी झालं. साडेतीन दिवसांत चौथा दिवस येतच नाही.

तर वाचलेला वेळ गेला गाडीला. मालकाचा हप्ता रोज चालू असतो, उभी गाडी म्हणजे तोटा. नाके उठल्यावर जो वेळ मोकळा झाला त्यात आणखी खेपा बसवल्या गेल्या. आणि जीएसटीसोबत नवीन घड्याळ आलं, ई-वे बिल. एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालाला लागू. सुरुवातीला १०० किलोमीटरला एक दिवस मुदत होती, जानेवारी २०२१ पासून २०० किलोमीटरला एक दिवस. म्हणजे माल किती दिवसांत पोचला पाहिजे याचा नियम देशात आहे, आणि तो कॉम्प्युटरवर पाळला जातो. ड्रायव्हर किती दिवसांत घरी पोचला पाहिजे, याचा नाही.

इथपर्यंत मी हा भाग लिहिला आणि स्वतःवरच खूश होतो. सगळा दोष मालकावर, सरकारवर, बाजारावर. मग एक्सेलमध्ये एक कॉलम वाढवला, आमच्या घरातल्या घटनांचा. खेपा वाढायला लागल्या त्या २०१७ पासून नाहीत. २०१५ पासून. २०१५ मध्ये मी इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतली. नानांना पैसे खेपेवर मिळायचे. महिन्याचा पगार नावाला, बाकी खेपेचा भत्ता आणि डिझेल वाचवलं तर त्याचे. एक जास्तीची खेप म्हणजे माझ्या होस्टेलचा एक महिना. जीएसटीनं सोय केली, पण नाना आधीच घाईत होते.

मी त्यांना विचारलं. "नाना, मालक पाठवायचा का तुम्ही मागून जायचा?" ते म्हणाले, "कधी तो, कधी मी." बस. पुढं बोलले नाहीत, चहा मागितला.

२०२० चं कॅलेंडर वेगळं आहे. २५ मार्चला लॉकडाऊन लागला तेव्हा नाना रायपूरकडे अडकले होते. ढाबे बंद, गॅरेज बंद, माल उतरवायला माणूस नाही. केबिनमध्ये स्टोव्हवर खिचडी. दोन आठवड्यांनी घरी पोचले आणि मग जवळजवळ दीड महिना घरी. अख्ख्या पानावर एक, एक, एक. मीही घरून काम करत होतो. लहानपणापासून जे पाहिजे होतं ते मिळालं होतं, आणि आठव्या दिवसानंतर आम्हाला दोघांना काय बोलायचं ते सुचेना. ते पहाटे चारला उठून अंगणात उभ्या गाडीच्या टायरांवर हातोडी मारून हवा बघायचे. आई म्हणाली, "ह्यांना घरात राहायची सवयच नाही रे." ती हे रागानं म्हणाली नाही, म्हणून जास्त लागलं.

डाकचौकीची कल्पना ट्रकमध्ये कोणी आणली नाही का? आणली. गुरुग्रामच्या रिव्हिगो या कंपनीनं २०१४ पासून रिले पद्धत चालवली. रस्त्यावर ठरावीक अंतरावर त्यांची ठाणी. ड्रायव्हर चार-पाच तास गाडी चालवणार, ठाण्यावर दुसऱ्याच्या हातात देणार, उलट दिशेची गाडी घेऊन त्याच दिवशी घरी. हरकाराच! मी कॉलेजात असताना हे वाचलं आणि उत्साहानं नानांना सांगितलं. नानांचा पहिला प्रश्न, "माझ्या गाडीचा क्लच दुसऱ्यानं जाळला तर भरायचं कोणी?" मला तेव्हा ते जुनाट वाटलं. आता वाटत नाही. रिलेसाठी दोन्ही दिशांना सतत गाड्या पाहिजेत, शेकडो ड्रायव्हर एका हाताखाली पाहिजेत, आणि गाडी कोणा एकाची नसून सगळ्यांची पाहिजे. रेल्वेला ते शक्य आहे. दोन गाड्यांच्या मालकाला नाही. रिव्हिगोनं २०२२ मध्ये आपला एक्स्प्रेस मालवाहतुकीचा धंदा महिंद्रा लॉजिस्टिक्सला २२५ कोटींना विकायचा करार केला. कल्पना मेली असं मी म्हणणार नाही, पण ती मोठ्या गोदामांच्या मोठ्या रस्त्यांवरच जमते. कांद्याला ती अजून सापडलेली नाही.

मधल्या काळात नितीन गडकरींनी २०२१ मध्ये जाहीरपणे म्हटलं की विमानाच्या पायलटसारखे ट्रक ड्रायव्हरचेही तास ठरले पाहिजेत. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली. हे हवंच होतं. मे महिन्यात नागपूरच्या पुढे इंजिनशेजारी बसून बघा एकदा. नानांच्या डाव्या मांडीवर इंजिनच्या उष्णतेचे डाग अजून आहेत. फक्त यातून केबिन राहण्यालायक होतेय, घर जवळ येत नाहीये, एवढंच मला दिसतं.

शेवटी माझ्या कामाचं सांगतो, कारण ते लपवलं तर हा भाग खोटा होईल. मी ज्या कंपनीत आहे ती गाड्यांचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर बनवते. ठरलेल्या जागा सोडून गाडी अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबली की स्क्रीनवर लाल होते. 'अनधिकृत थांबा'. हा नियम कोडमध्ये मी लिहिला नाही, पण त्यातल्या चुका गेली दोन वर्षं मीच दुरुस्त करतो. मागच्या पावसाळ्यात एका ग्राहकाची तक्रार आली. एक गाडी दर खेपेला धुळ्याच्या अलीकडे हायवे सोडून चार किलोमीटर आत जाते आणि दोन तास उभी राहते. डिझेलचोरी असेल, तपासा. मी नकाशा मोठा केला. गाव, शाळा, पाण्याची टाकी, आणि एका घरासमोर गाडी. डिझेलची पातळी जशीच्या तशी. वेळ दर वेळी संध्याकाळी सात ते नऊ.

मी उत्तर लिहिलं की डिझेल गेलेलं नाही. आणि सोबत सुचवलं की प्रत्येक ड्रायव्हरच्या नोंदीत 'घर' म्हणून एक जागा ठेवू, तिथला थांबा लाल करू नये, आणि शेवटच्या घरभेटीला किती दिवस झाले ते परतीचं भाडं ठरवणाऱ्याला दिसावं. फार काही नाही, डेटाबेसमध्ये दोन रकाने. आमच्या मॅनेजरला पटलं. ग्राहक म्हणाला, "मग सगळेच मागतील."

ते काम चार महिने पडून आहे. सोमवारी त्या ग्राहकाशी परत कॉल आहे, आणि या वेळी मी २००१ आणि २०१८ ची पानं स्कॅन करून ठेवलीत. काय होतं ते सांगेन. पुढचा भाग बंजाऱ्यांच्या मिठाच्या वाटांवर करायचा विचार आहे. तुमच्याकडे कोणी आजी-आजोबा तांड्यातलं काही सांगणारे असतील तर त्यांच्याशी बोलून ठेवा. भेटू.